समासातलं ‘कशावरून?’

आमच्या काळात मराठी शाळेत इंग्रजीची मुळाक्षरं पाचवीत हाती पडायची. त्यामुळे नववीत ‘हायर इंग्लिश’च्या तुकडीत निवड झाली की घरी आनंद व्हायचा आणि वर्गात बसल्यावर पोटात गोळा यायचा. तुकडीतले बहुतेक जण लालबाग-परळच्या चाळींतले, गिरणी कामगारांची मुलं. इंग्रजी निबंध म्हणजे गाईडमधला पाठ करायचा आणि पेपरात उतरवायचा, हीच आमची समजूत. बाईंनी ती मोडून काढली, पण त्याआधी आम्हाला वाचायला शिकवलं. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मला तेवढ्याबद्दलच लिहायचं आहे.

पहिल्या सत्रात बाईंनी निबंध लिहूनच घेतला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणाचा शेवटचा भाग त्यांनी सायक्लोस्टाईल करून आणला. आमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी बाबासाहेबांची तसबीर होती, त्यांचं इंग्रजी मात्र कुणी वाचलं नव्हतं. पहिलं वाचन डिक्शनरी बंद ठेवून, मोठ्यानं. नंतर वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे, या परिच्छेदात ते काय म्हणतात. उजवीकडे, ते म्हणून काय करतात.

डावी बाजू भरभर भरायची. उजवीकडे पेन अडायचं. स्वातंत्र्य टिकेल का, असं ते विचारतात तिथे ‘भीती समोर ठेवतात’ एवढं तरी सुचलं. लगेच पुढे सिंधच्या दाहिर राजाचे सेनापती लाच घेऊन लढायला तयार झाले नाहीत, हा दाखला येतो, म्हणजे भीतीला पुरावा. संसदीय पद्धत आपल्याला परकी, असं कुणी म्हणेल म्हणून ते बौद्ध भिक्षुसंघांकडे वळतात: बसण्याची व्यवस्था, ठराव, मतदान यांचे नियम तिथे आधीच होते. प्रतिपक्ष बोलायच्या आत त्याला उत्तर! मग तीन इशारे: संविधानाचा मार्ग सोडू नका, थोर माणसाच्याही पायाशी आपलं स्वातंत्र्य वाहू नका, नुसत्या राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नका. २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात समता आणि समाजात विषमता असं विसंगतीचं जीवन सुरू होणार, हे ते तिसऱ्यात सांगतात. “बाई, सगळ्यात कडक गोष्ट शेवटी का ठेवली?” एका मुलीनं विचारलं. बाईंनी अख्खा तास त्या प्रश्नावर घालवला. मांडणी म्हणजे काय, ते मला त्या तासाला कळलं. पुढे त्यावरची पुस्तकंही वाचली, पण त्या तासाची सर कशालाच आली नाही.

दुसऱ्या सत्रात विषय दिला: गिरणी संप आणि आपली चाळ. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा आम्ही आठवीत होतो. सगळ्यांनी लिहिलं, आयुष्य फार कठीण झालं. वह्या परत आल्या तर व्याकरणाची एकही चूक दाखवलेली नव्हती. समासात मराठीत एकच शब्द: ‘कशावरून?’

मग खरं लिहिणं सुरू झालं. वाण्यानं उधारी बंद केली. आईनं खाणावळीचे डबे घेतले. वडील कोकणात गावी गेले आणि पत्रं येईनाशी झाली. एका मुलानं लिहिलं, गिरणी बंद असली तरी त्याचे बाबा पहिल्या पाळीच्या भोंग्याच्या वेळेला उठून बसतात. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण वर्गात कुणी हसलं नाही. पुढच्या कच्च्या लिखाणात रेघेची जुनी युक्ती आमच्याच निबंधाला लावली. ज्या परिच्छेदासमोर उजवीकडे काही लिहिता येईना, तो काढून टाकायचा. त्यानंतर वही शेजाऱ्याकडे. त्यानं मोठ्यानं वाचायचं, आणि तो अडखळेल तिथे खूण. काळ, प्रयोग, गळालेली ‘अ’ आणि ‘द’ ही आर्टिकल्स, सगळं अगदी शेवटी, फळ्यावर, कुणाचं नाव न घेता. आधी विचार, मग पुरावा, मग भाषा, हा क्रम बाईंनी कधीच उलटा होऊ दिला नाही, आणि दुबळं इंग्रजी असलेल्या मुलांचं त्यातच भलं झालं असं मी ठामपणे म्हणेन. चुकांपासून सुरुवात केली असती तर आमच्यातली निम्मी मुलं गप्पच बसली असती.

मी आज वकिली करतो. दावा लिहिताना प्रत्येक कलमासमोर तो मराठी शब्द मनात उमटतोच.

आता शाळेत सेमी-इंग्रजी आहे. गणित-विज्ञान इंग्रजीत शिकणारी ही मुलं आमच्यापेक्षा कितीतरी धीटपणे बोलतात. पण मागच्या स्नेहसंमेलनाला नववीच्या काही मुलांशी बोललो, तर चार-पाच पानांचा सलग इंग्रजी मजकूर कधी वाचलाय, हे त्यांना आठवेना. म्हणून ते सायक्लोस्टाईल कागद मी टाईप करून घेतले आहेत आणि वर्गाला पुरतील इतक्या प्रती शाळेच्या वाचनालयात दिल्या आहेत. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर नववीसाठी एक जादा तास घ्यायची परवानगी मुख्याध्यापकांनी दिली आहे. आमच्या तुकडीतले जे मुंबईत आहेत त्यांनी मला कळवावं. मुलांच्या वह्या वाचायला माणसं हवी आहेत.