कॉइलला कुणी धूर म्हणत नाही

दम्याच्या ओपीडीत माझं काम म्हणजे पोरांना पंप कसा घ्यायचा ते शिकवायचं आणि घरात कशाने त्रास होतो ते खोदून खोदून विचारायचं. 2020 च्या लॉकडाऊनमधे आम्ही नाइलाजाने व्हिडिओ कॉलवर घरं बघायला लागलो ते पुढे बंद केलंच नाही, कारण डोंबिवलीहून पोराला घेऊन लोकलने यायचं तर बाईची निम्मी रजा जाते आणि एवढं करून घर काही ती सोबत आणू शकत नाही.

ही केस श्रावणातली. नऊ वर्षांचा मुलगा, पहाटे तीनच्या सुमारास रोज खोकला, छातीत घरघर. फॉर्मवर घरात धूर: नाही, ओल: नाही. डॉक्टर डोस वाढवायच्या विचारात होते.

कॉल लावला तर घर चकाचक, सोफ्यावर नवी चादर, पाहुणे येणार म्हणून आवरतो ना तसं. (व्हिडिओवर हा घोळ असतोच, लोक दाखवायचं तेच दाखवतात.) तो झोपतो कुठे विचारलं, तर हॉलमधल्या दिवाणावर, आजीजवळ. म्हणलं ताई फोन जरा त्याच्याकडेच द्या. पोरगं खूश, फोन घेऊन सरळ दिवाणाखाली घुसलं. चपला, फुटका कॅरम, गोधड्यांचं गाठोडं, आणि कोपऱ्यात स्टीलच्या ताटलीत अर्धी जळलेली हिरवी कॉइल, जळलेल्या भागाची राख तशीच गोल पडलेली.

"ताई, धूर नाही म्हणला होतात ना?"

"धूर कुठेय मॅडम, कॉइल आहे ती."

बरोबरच होतं त्यांचं. त्यांच्या लेखी धूर म्हणजे चूल नाहीतर बिडी, प्रश्न माझाच चुकलेला. एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके बारीक कण निघतात हे मोजलेलं आहे, आणि इथे ती खिडक्या लावून पोराच्या उशाखाली दीड फुटावर रात्रभर.

मग दिवाण सरकवायला लावला. मागे भिंतीचे पापुद्रे सुटलेले आणि खाली तीळ सांडल्यासारखे काळे ठिपके, बुरशी. वरच्या बाथरूमचं पाणी तीन पावसाळे झिरपतंय. मग ओल नाही का लिहिलंत? तर "दिवाळीत रंग मारला ना वरून!"

शेवटी पंप दाखवा म्हणलं. फ्रिजवर कॅरीबॅगमधे गाठ मारून ठेवलेला. 120 पफचा रोजचा पंप, सकाळ-संध्याकाळ एकेक, महिना झालेला, आणि पंपावरच्या काउंटरवर उरलेल्या पफचा आकडा 104! आजी म्हणाल्या, सवय लागते त्याची, म्हणून दम लागला की मगच देतो. म्हणजे जो डोस आम्ही वाढवणार होतो तो पोटात, आपलं, छातीत जातच नव्हता.

आईला बोलून उपयोग नव्हता, आजींशीच बोलले. की हा पंप दम लागल्यावर घ्यायचा नाहीच, तो वेगळा, हा आतली सूज उतरवायला, बरं असतानाही रोज, सवय-बिवय काही लागत नाही, नंतर चूळ तेवढी भरायला लावा. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग डासांचं काय करू?" एकदम रास्त प्रश्न. मच्छरदाणी म्हणलं. संध्याकाळचा धूप बंद करा असं काही बोलले नाही, एका दिवसात किती मागायचं माणसाने, फक्त म्हणलं हा खाली खेळायला गेला की लावा आणि खिडकी उघडी ठेवा.

तीन आठवड्यांनी परत कॉल. पोराने मच्छरदाणीच्या आतून टॉर्च मारून दाखवला, आणि काउंटरही, 62. मी मनात वजाबाकी केली, एकही पफ चुकला नव्हता. रात्रीचा खोकला आता आठवड्यात एखाददा. दिवाण समोरच्या भिंतीला नेलाय, पण गळती तशीच, वरचे म्हणतात सोसायटीने करावं, सोसायटी म्हणते वरच्यांनी. फाइलमधे लिहून ठेवलंय, भिंत: बाकी.