जुन्या वाड्यातला हम

बाई निवृत्त शिक्षिका. सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहतात आणि अंध विद्यार्थ्यांसाठी इतिहासाची, अर्थशास्त्राची पुस्तकं घरीच वाचून रेकॉर्ड करतात. मला बोलावलं ते त्यांच्या एका विद्यार्थ्याच्या तक्रारीमुळे. तो दुप्पट वेगाने ऐकतो. यातल्या बऱ्याच मुलांना ती सवय असते. ‘भार’ आणि ‘बार’, ‘धार’ आणि ‘दार’ यांतला फरक कळत नाही, असं त्याने कळवलं होतं.

फाइल लावली आणि पोटात गोळाच आला. आवाज पाण्याखालून बोलल्यासारखा. मागे विजेची गुणगुण, म्हणजे ‘हम’, होती म्हणून बाईंच्या भाच्याने सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन चालवलं होतं, तेही जोरात. हे सॉफ्टवेअर शांततेचा नमुना घेतं आणि तेवढ्या पातळीखालचं सगळं दाबतं. घ, ध, भ, म्ह यांच्यातला श्वास असतोच मुळात हलका, आणि तोच आधी जातो. मराठी वाचनात ही फार मोठी हानी आहे. बाईंचा स्वच्छ, घोटलेला उच्चार असा पुसलेला ऐकणं मला सहन झालं नाही.

भाच्याने एक परदेशी व्हिडिओ पाहून ६० हर्ट्झचा फिल्टरही लावला होता. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०ची. मूळ फाइलचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती आवाज आहे याचा आलेख, काढला तर सुळके ५०, १००, १५० वर उभे होते.

बाईंनी एक गोष्ट सांगितली ती फार मोलाची होती. “अहो, माइकला हात लावला ना, की गुणगुण कमी होते.” हे ऐकलं की माझं लक्ष थेट अर्थिंगकडे जातं. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून पाहिलं, हम बराच उतरला. चार्जर परत लावून लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवलं तर झिणझिण्या. चार्जरच्या आत जे छोटे कपॅसिटर असतात त्यांतून थोडा प्रवाह गळतो आणि तो अर्थिंगवाटे जाणं अपेक्षित असतं. तशी वाट नसली की लॅपटॉपची धातूची बॉडी त्या व्होल्टेजवर तरंगत राहते. पुढे तेच यूएसबीतून इंटरफेसमध्ये (माइकचा सिग्नल लॅपटॉपला देणारा डबा), तिथून केबलच्या जाळीत आणि माइकपर्यंत पोचतं. सॉकेटमध्ये मल्टिमीटर घातला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, फेज आणि अर्थमध्ये आकडा नुसता भरकटत होता. सॉकेट उघडलं. तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. वाड्याचं वायरिंग दोन तारांच्या काळातलं.

इथे एक सांगतोच. हम घालवायला प्लगची अर्थ पिन काढून टाका, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो जिवावर बेतू शकतो. उपकरणात बिघाड झाला तर वीज माणसातून जाते. नळाच्या पाइपला वायर बांधणं हेही तसंच. आम्ही पेठेतल्या वायरमनला बोलावलं आणि मीटर बोर्डाच्या अर्थिंगपासून वेगळी तार खोलीपर्यंत आणून घेतली.

तरीही हम पूर्ण गेला नाही. मग केबल हातात घेतली. एका टोकाला एक्सएलआर (तीन पिनांचा माइकचा कनेक्टर), दुसऱ्याला मोनो जॅक. कराओकेच्या माइकबरोबर मिळते ती. तिच्यात दोन दोष. बॅलन्स्ड केबलमध्ये सिग्नल दोन तारांतून उलट-सुलट जातो, वाटेत चिकटलेला हम दोन्हींवर सारखा बसतो आणि प्रीअँप (माइकचा सिग्नल वाढवणारा इंटरफेसमधला भाग) दोन्हींतला फरक घेतो, त्यामुळे हम वजा होतो. या केबलमध्ये ती सोय नाही. शिवाय जॅक इंटरफेसच्या लाइन इनपुटमध्ये जातो. बाईंच्यासारख्या डायनॅमिक माइकचा सिग्नल क्षीण, त्याला ५०-६० डेसिबल गेन (वाढ) लागतो, लाइन इनपुट तेवढा देत नाही. आवाज बारीक यायचा, भाचा तो सॉफ्टवेअरमध्ये वाढवायचा आणि त्याबरोबर हमही वाढायचा. दोन्हीकडे एक्सएलआर असलेली केबल लावली. बाई माइकपासून दोन फुटांवर बसत, त्यांना अर्ध्या फुटावर आणलं. अंतर दर वेळी निम्मं झालं की आवाज सुमारे ६ डेसिबल वाढतो, म्हणजे १२ फुकटात मिळाले.

आता खोली शांत असायला हवी होती. होतीही, पण मध्येच एक चरचर सुरू झाली. बाईंच्या खोलीतला पंखा बंदच होता. पलीकडच्या खोलीत काका दुपारचे झोपले होते, त्यांचा पंखा हळू फिरत होता, आणि त्याचा जुना गोल रेग्युलेटर सामाईक भिंतीवर, बाईंच्या केबलच्या अगदी मागे. हा रेग्युलेटर विजेची लाट सेकंदाला १०० वेळा कापतो. त्या प्रत्येक धारदार काठाचा आवाज केबल उचलते. पंखा पूर्ण वेगात केला की चरचर बंद. पण काकांना पूर्ण वेगाचा वारा सोसत नाही. त्यांना उठवायचं माझ्या जिवावर आलं होतं, बाईंच्याही. जाग आल्यावर त्यांनीच रेग्युलेटर बदला म्हणून सांगितलं. कपॅसिटरवाला स्टेप रेग्युलेटर बसवला. तो लाट कापत नाही. केबल भिंतीपासून लांब, टेबलाच्या पुढच्या बाजूने फिरवली.

शेवटच्या चाचणीत शांततेची पातळी उणे ६५ डेसिबलच्या खाली आली (शून्य म्हणजे रेकॉर्डिंगची कमाल पातळी). हेडफोनवर ‘भारतीय’ आणि ‘धोरण’ हे शब्द इतके भरीव आले की मी बाईंना ते पुन्हा वाचायला लावले.

जुन्या फाइलींचं काय, हा प्रश्न उरला. ज्यांची मूळ प्रत भाच्याने ठेवली होती त्यांच्यातून ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले सुळके तेवढे हलक्या हाताने खाली घेतले. ज्यांची मूळ प्रत नव्हती त्यांच्यातला श्वास परत आणता येत नाही. ती प्रकरणं बाई आता पुन्हा वाचत आहेत, आणि भाचा प्रत्येक मूळ फाइल वेगळ्या डिस्कवर हात न लावता ठेवतो.