टर्बो बसवला, आता ईसीयू कुठला?

माझी माझदा मियाटा १९९२ ची, १.६ लिटरची. डेट्रॉइटच्या आसपास असल्या जुन्या गाड्यांना टर्बो लावणारे पुष्कळ, त्यामुळे किट सहज मिळालं. घोळ झाला तो इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, म्हणजे ईसीयूचा. या इंजिनात हवा मोजायला एक झडप असते. ती किती उघडली यावरून मूळ ईसीयू पेट्रोल ठरवतो. टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो, तो जोरात आला की झडप पूर्ण उघडून बसते. त्यापुढे कितीही हवा येऊ दे, ईसीयूला पत्ताच नाही. नेमकं तिथेच मिश्रण लीन झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, तर पिस्टनची वाट लागते.

बदली ईसीयूंत ऑस्ट्रेलियाचा हॅल्टेक आणि न्यूझीलंडचा लिंक दोन्ही उत्तम, पण खिशाला जड. लोक फीचर्सची यादी वाचून भारावतात. मी दोनच गोष्टी पाहिल्या: गाडीचा मूळ कनेक्टर तसाच बसतो का, आणि जवळच्या डायनोवाल्याचा (डायनो म्हणजे गाडी जागच्या जागी पळवून ताकद मोजणारं यंत्र) त्या सॉफ्टवेअरवर हात बसलाय का. मेगास्क्वर्ट या ईसीयूचं प्लग-इन मॉडेल दोन्हीत पास झालं.

झडप काढून इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर बसवला, एक्झॉस्टला हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड सेन्सर, आणि पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मोठे टाकले. मग मित्र गाडी चालवणार आणि मी शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन इंधनाचा तक्ता भरणार. आडवे आरपीएम, उभा दाब. १०० किलोपास्कलच्या, म्हणजे साधारण बाहेरच्या हवेच्या दाबाच्या, वर गेलं की बूस्ट. हवा-पेट्रोलचं प्रमाण संथ चालीत १४.७ च्या आसपास, बूस्टमध्ये साडेअकरा.

एक भूत मात्र पिच्छा सोडेना. मियाटाचे हेडलाइट बॉनेटमधून वर येतात. ते वर आले की आयडल (उभ्या गाडीतला इंजिनाचा संथ वेग) डगमगायचा, वाइडबँड १६ कडे सरकायचा. तक्ता ठीकच होता! हेडलाइटच्या मोटरी चालल्या की व्होल्टेज पडतं, त्यामुळे इंजेक्टर उघडायला जास्त वेळ घेतो आणि पेट्रोल कमी पडतं. नव्या इंजेक्टरचे व्होल्टेजनुसार डेड टाइम, म्हणजे उघडायला लागणारा वेळ, भरले, डगमग गेली.

पॉवरचं काम डायनोवर एका बैठकीत उरकलं. ट्यूनर कानाला हेडफोन लावून नॉक (मिश्रण अवेळी पेटल्याची ठकठक) ऐकत होता आणि बूस्टमधलं ठिणगीचं टायमिंग मागे घेत होता. कोल्ड स्टार्टने मात्र पिट्टा पाडला. इंजिन रात्रभर निवल्याशिवाय प्रयोग करता येत नाही, म्हणजे दिवसाला एकच संधी. सकाळी चावी फिरवायची, धापा टाकत बंद पडली तर आकडा बदलायचा आणि मुकाट्याने दुसऱ्या गाडीने ऑफिसला जायचं. शून्याखालच्या तापमानाचे रकाने अजूनही अंदाजानेच भरलेले आहेत. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तेव्हा मियाटा बाहेर काढतंय कोण?