घाटात आणि पावसात टिकेल असा सायकलचा जीपीएस

घाट चढणार असाल तर जीपीएस घेताना आधी बघा, त्यात बॅरोमीटर आहे का. नुसत्या उपग्रहांवरून काढलेली उंची नकाशावरच्या जागेपेक्षा बरीच जास्त चुकते, कारण सगळे उपग्रह डोक्यावर असतात, पायाखाली एकही नसतो. बॅरोमीटर हवेच्या दाबावरून चढ मोजतो. समुद्रसपाटीजवळ दाब १ हेक्टापास्कलने उतरला की उंची सुमारे ८ मीटर वाढली असं धरतो. त्यामुळे हवामान पालटलं की उभ्या सायकलचीही उंची बदलते. पावसात त्याच्या बारीक छिद्रात पाणी अडकलं की चढाचे आकडे भरकटतात. तिथे टाचणी अजिबात घालू नका. साध्या पाण्याने धुऊन वाळू द्या.

बॅटरी आपल्या राईडवरून ठरवा. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड) साडेतेरा तास मिळतात, ६०० ला ४०. खोक्यावर छापलेले तास बॅकलाइट, नकाशा आणि सेन्सर चालू केले की आटतात. लांबच्या राईडला चालता चालता चार्जिंग लागणारच. पोर्ट खालच्या बाजूला असेल तर माउंटवर असताना केबल बसते का, हे दुकानातच लावून बघा.

रेकॉर्डिंग दर सेकंदाला ठेवा. ‘स्मार्ट’ (मधूनमधूनच नोंद घेणारं) ठेवलं तर वळणं कापली जातात, अंतर कमी भरतं. बोगद्यात आणि दाट झाडीत वेग नीट हवा असेल तर हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) स्पीड सेन्सर लावा आणि चाकाचा घेर स्वतः भरा: ७००×२५ टायरला साधारण २१०५ मिलिमीटर.