मिक्सरचा कार्बन

गेल्या महिन्यात ओल्या नारळाची चटणी वाटता वाटता आमचा मिक्सर मध्येच थांबला. भार वाढला की आपोआप सुटून वीज तोडणारे तळाचे लाल बटण दाबून पाहिले, तरी तो हूं की चूं करीना. सेवाकेंद्राने फोनवरच निकाल दिला: या मॉडेलचे सुटे भाग येणे बंद झाले, जुना द्या आणि सवलतीत नवा न्या. घरात नव्याचा रंगसुद्धा ठरला. तरीही मी, थोडा हट्टाने आणि खरे सांगायचे तर थोडा चिकटपणाने, मिक्सर पिशवीत घालून गिरगावातल्या एका चाळीच्या जिन्याखालच्या दुकानात नेला.

तिथल्या काकांनी तो उघडण्याआधी विचारले, "बंद पडण्यापूर्वी ठिणग्या दिसायच्या का?" दिसायच्या, अंधारात तर खालच्या फटींतून निळसर उजेड पडायचा आणि आम्ही तिकडे काणाडोळा करायचो.

"कार्बन संपलेत," स्क्रू काढताच ते म्हणाले. मिक्सरच्या मोटरमध्ये गरगर फिरणाऱ्या तांब्याच्या कॉम्युटेटरला वीज पोचवण्यासाठी कार्बनचे दोन लहानसे ठोकळे स्प्रिंगच्या जोरावर दोन बाजूंनी टेकवलेले असतात, आणि ते मुद्दामच तांब्याहून मऊ ठेवतात, जेणेकरून मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या त्या घासाघाशीत झिजायचे ते त्यांनीच झिजावे आणि तांबे वाचावे. आमचे इतके आखूड झाले होते की स्प्रिंगला ते पुढे रेटताच येईनात. मोटर घडवणाऱ्याने जो तुकडा बदलता यावा म्हणून वेगळा ठेवला, तोच मिक्सर विकणाऱ्याने देणे बंद करावे, याची संगती मला अजून लागलेली नाही.

नवी जोडी काकांच्या डब्यात होती, लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारातून आणलेली. "कंपनी कुठलीही असो, माप जुळायला हवं," असे म्हणत त्यांनी कॉम्युटेटरवरची काजळी बारीक काचकागदाने पुसली आणि मिक्सर सुरू करून कान देऊन ऐकला. १५० रुपये झाले. मी इतका हरखलो की पाते मोटरला जोडणारा भांड्याखालचा दातेरी कपलरही आत्ताच बदलून टाका म्हणालो. काकांनी त्याच्या दातांवरून अंगठा फिरवला.

"शाबूत आहेत. झिजले की या."