सोमवारी सकाळी कोहा उघडेना

परीक्षेचे फॉर्म भरायची शेवटची तारीख बुधवारी होती. आमच्याकडे फॉर्मसोबत ग्रंथालयाचा ‘नो ड्यूज’ दाखला लागतो, त्यामुळे वर्षभर ज्याने ग्रंथालयाची पायरी चढलेली नसते तोही त्या आठवड्यात काउंटरवर हजर होतो. सोमवारी सव्वानऊला लाइट गेली. यूपीएसने दोनदा कुईं केलं आणि त्यानेही मान टाकली. बॅटरी बदलायचा अर्ज मी दिवाळीआधी दिला होता, तो अजून कार्यालयात या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. दहा मिनिटांत लाइट आली, मशीन चालू झालं, पण आमच्या ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर कोहा, त्याच्या जागी पांढऱ्या पानावर एकच ओळ: इंटर्नल सर्व्हर एरर, ५००.

आमचा ‘सर्व्हर’ म्हणजे माझ्या टेबलाखालचा एक डेस्कटॉप. २४० जीबीची एसएसडी, त्यावर उबुंटू २२.०४ ही लिनक्स सिस्टम, त्यावर सगळी माहिती साठवणारा डेटाबेस मारियाडीबी १०.६ आणि त्यावर कोहा. कोहा हे ग्रंथालयाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी १९९९मध्ये ते बनवायला घेतलं होतं आणि माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट. मी ग्रंथपाल आहे. लिनक्स शिकले ती एका कार्यशाळेत आणि पुढे अडेल तसं. ४१ हजार पुस्तकं आणि साडेतीन हजार वाचक त्या डब्यात असतात, हे एरवी आठवतही नाही.

काउंटरवरच्या मामांना म्हटलं, जुनी देवघेव वही काढा आणि हाताने लिहायला घ्या. मामा खूश झाले. संगणक आल्यापासून त्यांना असं काही महत्त्वाचं काम मिळालंच नव्हतं.

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून डेटाबेसमध्ये शिरायचा प्रयत्न केला तर उत्तर आलं, एरर २००२: सॉकेटमधून (डेटाबेसशी बोलायचं दार) जोडता येत नाही, आणि शेवटी कंसात २. हा संदेश इंटरनेटवर शोधला की उपायांचा पाऊस पडतो. एकाने लिहिलं होतं, सॉकेटची फाइल नसेल तर ती तयार करा. मी केली, त्याच जागी, त्याच नावाची, रिकामी. आता कंसातला आकडा १११ झाला. मला वाटलं प्रगती आहे. नंतर समजलं की २ म्हणजे फाइलच नाही आणि १११ म्हणजे पलीकडे ऐकणारं कुणी नाही. सॉकेट मारियाडीबीचा सर्व्हर प्रोग्रॅम स्वतः उठताना तयार करतो. मी केलं ते म्हणजे बंद घराच्या दाराला नवी कडी लावून वाजवत बसण्यातला प्रकार. ती फाइल काढून टाकली.

मग मारियाडीबीची सर्व्हिस सुरू करून पाहिली. फेल्ड. स्टेटस विचारलं तर दहा ओळी, त्याही उजवीकडे कापलेल्या, ‘एक्झिट कोड’ एवढंच कळतं. कार्यशाळेच्या वहीत लिहून ठेवलं होतं की एरर लॉग, म्हणजे बिघाडांची नोंदवही, ‘व्हार’मधल्या ‘लॉग’मधल्या ‘मायएसक्यूएल’ फोल्डरात असतो. तिथली फाइल उघडली तर कोरी. पाऊण तास मी त्या कोऱ्या फाइलवरून निष्कर्ष काढत होते: लॉग नाही, म्हणजे सर्व्हर लॉग लिहिण्याइतकाही उठत नाही, म्हणजे प्रोग्रॅमच बिघडला. तर्क अगदी सरळ होता आणि पूर्ण चुकीचा.

याच तर्काच्या बळावर संगणक विभागातल्या सरांना फोन केला. ते विद्यापीठात मीटिंगला. कुजबुजत म्हणाले, “मॅडम, काढून परत टाका ना मारियाडीबी. पर्ज करा, म्हणजे स्वच्छ निघेल.” मी आज्ञा टाइप केली. कोणकोणती पॅकेजेस निघतील त्याची यादी आली, खाली प्रश्न: पुढे जायचं का? बोट ‘वाय’वर होतं. तेवढ्यात एक मुलगी दाखला मागायला आली, मी मान वर केली, आणि परत यादीकडे पाहिलं तेव्हा ‘पर्ज’, म्हणजे मुळासकट साफ, हा शब्द डोळ्यांत खुपला. ‘एन’ दाबलं. पुढे एकदा घरच्या लॅपटॉपवर मुद्दाम हेच करून पाहिलं. यादीला हो म्हटलं की आणखी एक पडदा येतो आणि विचारतो, सगळे डेटाबेसही काढून टाकायचे का? त्या सोमवारी मी ज्या घाईत होते, त्या घाईत तिथेही हो म्हटलं असतं.

साडेअकराला सरांचाच मेसेज आला, बहुधा मीटिंग कंटाळवाणी असावी. “लॉग जर्नलमध्ये बघा. नवीन व्हर्जन तिकडे लिहितं.” तर असं होतं ते! आमच्या आधीच्या उबुंटूवर मारियाडीबी स्वतःची लॉग फाइल ठेवायचा. २२.०४वर तो मूळ सेटिंगमध्ये सिस्टमच्या जर्नलमध्ये, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमांच्या सामाईक नोंदवहीत, लिहितो. माझी वही जुन्या मशीनच्या काळातली. ही वही वाचायच्या ‘जर्नलसीटीएल’ आज्ञेला मारियाडीबी युनिटचं नाव दिलं, शेवटच्या शंभर ओळी मागितल्या, आणि सकाळपासून जे शोधत होते ते सरळ इंग्रजीत लिहिलेलं समोर आलं. आयबीटीएमपी१ या फाइलचा आकार ठरवता येत नाही, बहुधा डिस्कवर जागा नाही. एरर क्रमांक २८.

ही फाइल इनोडीबीची, म्हणजे मारियाडीबीतल्या माहिती साठवणाऱ्या भागाची, तात्पुरती पाटी. सर्व्हर बंद होताना ती जाते आणि दर वेळी उठताना नवी तयार होते, सुरुवातीला १२ एमबीची. म्हणजे माझा सर्व्हर १२ एमबीसाठी अडला होता. पण माझा विश्वास बसेना, कारण मी सकाळीच मारियाडीबीच्या डेटा फोल्डरात रूट म्हणून, म्हणजे मशीनची मालक म्हणून, एक फाइल तयार करून पाहिली होती आणि ती झाली होती. डिस्कवरची जागा सांगणाऱ्या ‘डीएफ’ने चित्र आणखी गोंधळाचं दाखवलं: डिस्क २१९ जीबी, वापरलेली २०८, शिल्लक शून्य. २१९मधून २०८ गेले तर ११ उरतात, शाळेतलं गणित आहे.

ते ११ जीबी रूटचे. उबुंटू ज्या ईएक्सटी४ पद्धतीने डिस्क मांडतो, तिच्यात मुळातच पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवलेली असते, म्हणजे डिस्क भरली तरी मालकाला आत शिरून साफसफाई करता यावी. मी रूट होते म्हणून माझी फाइल झाली. मारियाडीबी चालतो ‘मायएसक्यूएल’ नावाच्या साध्या वापरकर्त्याच्या नावावर, त्याच्यासाठी दार बंद. त्याच्या नावाने फाइल तयार करून पाहिली तेव्हा लगेच उत्तर आलं, जागा नाही.

मग जागा खाल्ली कुणी? फोल्डरांचे आकार बघत गेले आणि माझ्याच होम फोल्डरात येऊन थांबले. ‘बॅकअप’ नावाचा फोल्डर, १८१ जीबी. सुमारे पावणेदोन वर्षांपूर्वी मीच क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या यादीत, एक ओळ घातली होती: रोज संध्याकाळी साडेसहाला पूर्ण डेटाबेसचा डंप, म्हणजे प्रत, घ्या, तारखेच्या नावाने ठेवा. जुने काढायची ओळ घातली नव्हती. प्रत्येक डंप २५० ते ३०० एमबीचा, न दाबलेला. अशा ६४० फाइली. ‘सुरक्षेसाठी’ म्हणून केलेल्या कामाचं कौतुक प्राचार्यांनी एका बैठकीत केलं होतं, तेही आठवलं.

या फाइलींकडे नीट पाहिलं तेव्हा पोटात गोळा आला. रविवारची शून्य बाइटची. शनिवारची शंभर एमबीवरच थांबलेली. डंप पुरा झाला की शेवटी ‘डंप कम्प्लीटेड’ अशी ओळ येते, ती शनिवारच्या फाइलीत नव्हती. म्हणजे डिस्क शनिवारी संध्याकाळी भरली आणि माझ्या हातातली शेवटची धड प्रत शुक्रवारची. शनिवारी आमची देवघेव सगळ्यात जास्त असते.

काही पुसलं नाही. कपाटातून १ टीबीची बाहेरची डिस्क काढली, दोन महिन्यांमागच्या सगळ्या फाइली तिच्यावर हलवल्या. त्यात तास गेला. आता दीडशे जीबीहून जास्त मोकळे. सर्व्हिस सुरू केली. परत फेल्ड!

या वेळी निदान कुठे पाहायचं ते माहीत होतं. जर्नलमध्ये २८ नव्हता. आता लिहिलं होतं: आरियाची (इनोडीबीसारखाच माहिती साठवणारा दुसरा भाग) रिकव्हरी झाली नाही, आरियाच्या सगळ्या तक्त्यांवर ‘आरिया चेक’ दुरुस्तीसह चालवा आणि आरियाचे लॉग काढा. त्याखाली, आरिया हे स्टोरेज इंजिनच ओळखीचं नाही, सबब प्लगइन सुरू होत नाहीत, सबब बंद.

इथे थांबून जरा समजून घेतलं, कारण इथेच इंटरनेटवर सगळ्यात धोक्याचे सल्ले असतात. दोन जण सांगत होते, इनोडीबीची ‘आयबी लॉगफाइल’ उडवा, सर्व्हर पळायला लागेल. माझे वडील किराणा दुकानाची वही लिहायचे. रोजकीर्दीत व्यवहार घडेल तसा आधी लिहायचा आणि निवांत वेळी खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचा. इनोडीबीचा तो लॉग म्हणजे रोजकीर्द, आणि तक्त्यांच्या फाइली म्हणजे खतावणी. लाइट अचानक गेली तेव्हा काही व्यवहार रोजकीर्दीत लिहिलेले पण खतावणीत न चढलेले असणार. सर्व्हर उठला की तेच तर वाचून चढवतो. रोजकीर्द फाडून टाका म्हणणाऱ्याला दुकानात दुसऱ्या दिवशी ठेवलं नसतं.

आरियाची गोष्ट वेगळी. पुस्तकं, वाचक, देवघेव हे कोहाचे सगळे तक्ते इनोडीबीत असतात. मारियाडीबी १०.४पासून आरियात असतात ते सर्व्हरचे स्वतःचे व्यवस्थेचे तक्ते: कोण वापरकर्ता, त्याला काय परवानगी. म्हणजे गोदाम शाबूत होतं, वॉचमनची वही भिजली होती.

तरी हात लावण्याआधी सर्व्हर पूर्ण बंद आहे याची खात्री केली आणि अख्खा डेटा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घेतला, एकाच टार फाइलीत बांधून. ती डिस्क विंडोजच्या पद्धतीची, तिच्यावर नुसती कॉपी केली असती तर फाइल कुणाच्या मालकीची ही माहिती टिकली नसती. मागे एकदा परत आणलेल्या फाइली रूटच्या नावावर पडल्या होत्या आणि एरर १३, परवानगी नाही, यावर माझी दुपार गेली होती. एवढं एक शहाणपण आधीच पदरात होतं.

मग डेटा फोल्डरात जाऊन ‘मायएसक्यूएल’ वापरकर्त्याच्या नावाने आतल्या सगळ्या एमएआय फाइलींवर, म्हणजे आरियाच्या तक्त्यांवर, ‘आरिया चेक’ची दुरुस्ती चालवली. भराभर नावं सरकली, दोन ठिकाणी इंडेक्स दुरुस्त केल्याचा संदेश आला. आरियाची लॉग फाइल पुसण्याऐवजी दुसऱ्या फोल्डरात हलवली. कंट्रोल फाइलीला हात लावला नाही. सर्व्हिस सुरू केली आणि दुसऱ्या खिडकीत जर्नल वाहतं ठेवलं. क्रॅश रिकव्हरी सुरू, असं आलं. मग काहीच नाही. पाच-सहा सेकंदच असतील, पण मामाही वही सोडून मागे येऊन उभे होते. मग ती ओळ आली, ‘रेडी फॉर कनेक्शन्स’, पोर्ट ३३०६.

“झालं?” मामांनी विचारलं. त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती असं मला वाटलं.

दुपारचे पावणेतीन. कोहा उघडलं आणि आधी शनिवारची देवघेव काढली. शेवटची नोंद शनिवारी ४ वाजून ५२ मिनिटांची, एका एफवायच्या मुलीची. नंतर सगळ्या तक्त्यांवर तपासणी चालवली, सगळीकडे ओके. डंप पुन्हा हाताने घेतला, या वेळी दाबून, तो ४० एमबीत बसला. शेवटची ओळ डोळ्यांनी वाचली.

संध्याकाळी सर आले. मी सगळी कथा सांगितली, शुक्रवारच्या फाइलीवर भिस्त होती तेही सांगितलं. ते म्हणाले, “पण मॅडम, कोहा स्वतःच रोज बॅकअप घेतो की.” आणि त्यांनी ‘व्हार’मधल्या ‘स्पूल’मधला कोहाचा फोल्डर उघडून दाखवला. दोन प्रती, दोन दिवसांच्या. एक त्याच सोमवारी सकाळची, लाइट जायच्या आधीची, पूर्ण. ते काम रूटच्या नावाने चालतं, त्याला राखीव ११ जीबी खुले होते. माझ्या ६४० फाइली जमत होत्या तेव्हा हा आपला गुपचूप बाजूला काम करत होता. मी सरांना चहा पाजला. पर्जचा विषय दोघांनीही काढला नाही.

क्रॉनची ती ओळ मी काढली नाही, बदलली. डंप आता दाबला जातो आणि तीस दिवसांपेक्षा जुना आपोआप जातो. आठवड्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर जाते. डिस्क ऐंशी टक्के भरली की मला मेल येतो. यूपीएसची बॅटरी त्याच आठवड्यात आली, ‘५०० इंटर्नल सर्व्हर एरर’चा फोटो अर्जाला जोडल्यावर.

राहिली मामांची वही. सोमवारच्या ४७ नोंदी, मी संध्याकाळी साडेसातपर्यंत बसून कोहात चढवल्या. ४६ चढल्या. एका नोंदीतल्या पुस्तकाचा दाखल क्रमांक १८४०१ आहे की १८४०९ ते मला वाचता येईना. मामा म्हणाले नऊ. कोहा म्हणालं, नऊ दोन वर्षांपूर्वीच बाद केलंय. मंगळवारी ती नोंद ज्याची होती तो मुलगा पुस्तक घेऊन आला, तेव्हा मामांनी शिक्का बघितला आणि काही न बोलता वहीतल्या नऊचा एक केला.