फॉस्फरस परत आला त्याची गोष्ट

कुपवाड एमआयडीसीत एका फौंड्रीत होतो तेव्हाची गोष्ट, नाव नको. नाईट शिफ्ट, आर्क फर्नेस म्हणजे विजेच्या ठिणगीवर स्टील वितळवणारी भट्टी, चुना आणि मिल स्केल (लोखंडावरची ऑक्साइडची पापडी) टाकून बॉइल म्हणजे उकळी झकास झालेली, स्लॅग म्हणजे वर तरंगणारी मळी दुधासारखी उतू येत होती. सॅम्पल मारलं, फॉस्फरस, म्हणजे स्टील ठिसूळ करणारी घाण, ०.०२२ टक्के. म्हटलं चला, आज लवकर घरी. टॅपिंगनंतर, म्हणजे भट्टीतून स्टील ओतल्यावर, लॅडलचं (ओतायच्या बादलीचं) सॅम्पल आलं ०.०४१. स्पेक्ट्रोवाल्याला (मशीनवर सॅम्पल तपासणाऱ्याला) दोनदा बर्न मारायला, म्हणजे परत तपासायला लावला, आकडा हलेना.

झालं काय, तर घाईत जुनी स्लॅग पुरती ओढलीच नव्हती आणि वरून स्टीलमधला ऑक्सिजन काढायला फेरोसिलिकॉन, ॲल्युमिनियम टाकून मोकळे झालो. फॉस्फरस स्लॅगमध्ये जातो तो आयर्न ऑक्साइडमधला ऑक्सिजन घेऊन, आणि चुना त्याला कॅल्शियम फॉस्फेट करून धरून ठेवतो. सिलिकॉन, ॲल्युमिनियम हे ऑक्सिजनला त्याच्यापेक्षा जास्त हावरट, ते स्लॅगमधला ऑक्सिजन खातात की फॉस्फरस सुटून परत स्टीलमध्ये. वर टेंपरेचरही वाढवलेलं, तेही फॉस्फरस परत यायच्याच फायद्याचं.

वाळव्याला चुलत्यांचं गुऱ्हाळ आहे, त्यांना सांगितलं तर म्हणाले, "आरं, मळी न काढताच काहील उतरवलीस व्हय!" तिथंही चुन्याची निवळी नि भेंडीचं पाणी टाकून मळी वर आणतात, आणि ती वेळेत झाऱ्यानं काढली नाही तर उकळीत परत मिसळते. मी मेटलर्जीचा डिप्लोमा करून जे चुकलो ते गुळव्या चुकत नाही.

सल्फरचं मात्र उलटं, त्याला चुना हवा पण ऑक्सिजन कमी हवा आणि गरम हवं, म्हणून पहिली स्लॅग काढून दुसरी बनवायची. पहिली ओढताना कंबर मोडते हे खरंय.

फॉस्फरस काढायचा हा चुन्याचा उपाय १८७८-७९ च्या सुमारास सिडनी गिलख्रिस्ट थॉमसनं काढला, लंडनच्या पोलीस कोर्टातला क्लार्क, केमिस्ट मामेभावाला हाताशी धरून. ती फॉस्फरसवाली स्लॅग दळून तिकडं खत म्हणून शेतात टाकायचे, आपल्याकडं उसाला सुपर फॉस्फेट टाकतो तसंच की.

आता दुसरीकडं इंडक्शन फर्नेसवर आहे, तीही विजेचीच भट्टी. लायनिंग म्हणजे आतलं अस्तर सिलिकाचं, चुना टाकला तर स्लॅग लायनिंगच खाईल, म्हणजे फॉस्फरस काढायचा विषयच संपला. जेवढा स्क्रॅपमधून येणार तेवढा कास्टिंगमध्ये जाणार. म्हणून हल्ली सकाळी पहिलं स्क्रॅपच्या यार्डात जाऊन उभा राहतो.